अंतर्याग वरचा, बहिर्याग खालचा?

तांत्रिक उपासनेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात एक शिडी ठरून गेली आहे. फुले, गंध, नैवेद्य, यंत्र ही बाह्यपूजा सामान्यांसाठी; अधिकार वाढला की मानसपूजा; आणि शेवटी नुसते चैतन्य. या मांडणीला आधार नाही असे नव्हे. कुलार्णवतंत्राच्या नवव्या उल्लासात सहजावस्था सर्वांत वर आणि होमपूजा सर्वांत तळाशी बसवली आहे. पण हाच ग्रंथ पूजाद्रव्ये आणि पूजाविधी यांच्या तपशिलात किती रमतो, हे त्या श्लोकाचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत.

श्रीविद्येची प्रत्यक्ष पूजापद्धती पाहिली तर ही शिडी टिकत नाही. तिथे अंतर्याग आणि बहिर्याग या दोन इयत्ता नाहीत; एकाच पूजेचे ते सलग भाग आहेत. भूतशुद्धीत साधक आपला देह मनाने शोषतो, जाळतो आणि अमृताने पुन्हा घडवतो. न्यासाने त्यावर मंत्राक्षरे बसवतो, आत देवीला पूजतो. मग हाती फूल घेऊन हृदयातली देवी श्वासावाटे त्या फुलात आणतो आणि श्रीचक्राच्या बिंदूवर स्थापतो. नऊ आवरणांची पूजा झाली की तिला परत हृदयात घेतो. आतली पूजा वगळली तर यंत्रावर आणायला देवताच उरत नाही. (गणेशचतुर्थीला मूर्तीच्या हृदयाला हात लावून होणाऱ्या प्राणप्रतिष्ठेत आं, ह्रीं, क्रों ही बीजे येतात. तंत्र आपल्या घरात आहेच, त्याला तंत्र म्हणायची सवय नाही इतकेच.)

मग ही उतरंड कुठून आली? तिची एक महत्त्वाची वाट लक्ष्मीधराच्या सौंदर्यलहरीवरील टीकेतून जाते. सोळाव्या शतकात ओडिशाच्या प्रतापरुद्र गजपतीच्या आश्रयाला असलेला हा पंडित समयाचार आणि कौलाचार यांच्यात उभी भिंत घालतो. समयींची पूजा केवळ आतली, देहातल्या चक्रांमध्ये. बाहेरची पूजा कौलांची. त्याच वेळी चौसष्ट तंत्रांना तो वेदबाह्य ठरवतो. आंतरपूजेचे त्याचे विवेचन सूक्ष्म आहे, यात शंका नाही. पण ‘आत’ हा शब्द तिथे साधनेइतकाच प्रतिष्ठेचाही होतो. मद्य, मांस आणि ते वाहणारे हात एका फटक्यात कुंपणाबाहेर जातात. आजचे आपले सोवळे तंत्रप्रेम नकळत लक्ष्मीधराचेच बोट धरून चालते, असे मला वाटते.

याच्यासमोर भास्कररायाला ठेवून पाहावे. अठराव्या शतकातला हा महाराष्ट्रीय घराण्यातला पंडित कावेरीकाठी स्थायिक झाला. भास्करराजपुरम् हे गाव आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. ‘वरिवस्यारहस्य’ या ग्रंथात त्याने पंचदशी मंत्राचे पंधरा अर्थ उलगडले. बाह्य उपचारांत न अडकता मंत्रार्थाचे अनुसंधान करणे हीच त्याच्या लेखी अंतरंग उपासना. असा माणूस बाह्यपूजा सोडून देईल, असे कुणालाही वाटेल. त्याने ती सोडली नाही. तो कौलच राहिला.

त्याहून बोलके आहे ते भावनोपनिषदावरचे त्याचे काम. हे छोटेसे उपनिषद देहालाच श्रीचक्र मानते. चौदा नाड्या या चौथ्या आवरणातल्या चौदा शक्ती, दहा प्राणवायू पाचव्यातल्या, दहा अग्नी सहाव्यातल्या. शीत, उष्ण, सुख, दुःख, इच्छा आणि तीन गुण मिळून वशिनी इत्यादी आठ वाग्देवता. जाणणारा हा होता, ज्ञान हे अर्घ्य, ज्ञेय हा हवि. आतल्या पूजेत जगाकडे पाठ फिरवायची असते, असे मानणाऱ्याने ‘शीत’ आणि ‘दुःख’ या दोन शब्दांपाशी थांबायला हवे. अंगावर येणारी हुडहुडीसुद्धा इथे देवी आहे. ती विसरायची नाही, तिच्या जागी तिला पूजायचे आहे.

भास्कररायाने यावर भाष्य लिहिले आणि वर प्रयोगविधीही दिला: कोणती शक्ती देहात कुठे आणि कोणत्या क्रमाने. फूल नाही, दिवा नाही, तरी क्रम चुकवायची मुभा नाही. ‘मनोभावे’ या आपल्या सैल शब्दाशी या अंतर्यागाचे फारसे नाते नाही; तो बाहेरच्या पूजेइतकाच काटेकोर, आणि पाठ करायला कदाचित जास्त अवघड. भास्कररायाचा शिष्य उमानंदनाथ याने पुढे परशुरामकल्पसूत्राच्या आधारे ‘नित्योत्सव’ ही पद्धती रचली. पात्रासादनापासून आवरणपूजेपर्यंत बाहेरचा सगळा विधी तिच्यात आहे.