गुपित राखणारा फोन कसा पारखावा?

‘तुमची माहिती तुमच्याच ताब्यात’ असे सांगून विकले जाणारे स्मार्टफोन गेल्या दहा-बारा वर्षांत बरेच निघाले. त्यांची चर्चा बहुधा सॉफ्टवेअरपुरती राहते. आतले हार्डवेअर कसे आहे हा प्रश्न मागाहून येतो, आणि ‘थोडे जुने असले तरी तत्त्वासाठी चालवून घ्यावे’ असे त्याला उत्तर मिळते. हे उत्तर आम्हांला मान्य नाही. हार्डवेअरचा दर्जा ही येथे चैनीची बाब नसून खासगीपणाचाच अर्धा भाग आहे. शिक्षकांना तर हा प्रश्न जवळचा आहे. मुलांच्या याद्या, गुण, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी, वर्गातील छायाचित्रे हे सारे आज शिक्षकाच्या स्वतःच्या फोनमध्ये साठते. तो फोन परक्या हाती पडला, तर नुकसान एकट्या शिक्षकाचे होत नाही.

उदाहरणादाखल अमेरिकेतील प्युरिझम या कंपनीचा लिब्रेम ५ हा फोन घेऊ. २०१७ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन तो जाहीर झाला. किंमत ५९९ डॉलर होती, आणि २० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे कडेला बसविलेल्या तीन कळा. एक मोडेमसाठी, एक वायफाय व ब्लूटूथसाठी, आणि एक कॅमेरा व मायक्रोफोनसाठी.

या कळांचे महत्त्व विजेच्या साध्या मंडलावरून समजते. नेहमीच्या फोनमध्ये पडद्यावरचे चिन्ह दाबून आपण मायक्रोफोन बंद करतो, तेव्हा आपण केवळ सॉफ्टवेअरला तशी आज्ञा देतो. सॉफ्टवेअरमध्ये कोणी शिरकाव केला असेल, तर पडद्यावर ‘बंद’ दिसूनही मायक्रोफोन चालू राहू शकतो. लिब्रेमची कळ मंडलच तोडते. वीजप्रवाह थांबला की कोणतेही सॉफ्टवेअर तो भाग जागा करू शकत नाही. शिवाय या फोनचा मोडेम मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या कार्डावर बसविला आहे. अनेक नेहमीच्या फोनमध्ये तो प्रोसेसरच्याच चिपवर असतो. ही रचना प्रामाणिक आहे, आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे.

परंतु कळेलाही मर्यादा आहे. २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की, फोनचे फिरणे मोजणारा जायरोस्कोप आवाजाच्या कंपनांनीही किंचित हलतो, आणि त्याच्या नोंदींवरून बोलण्याचा काही अंश ओळखता येतो. म्हणजे मायक्रोफोन तोडला तरी एक कान उरतो. लिब्रेमच्या रचनाकारांनी हे ध्यानात घेतले आहे. तिन्ही कळा बंद केल्या की असे संवेदकही बंद होतात. पण मग फोनवरून बोलताही येत नाही. कळ राखण करते ती बंद असताना. चालू असतानाची राखण इतर भागांवर अवलंबून असते, आणि तेथे हा फोन उणा पडतो.

जानेवारी २०१९ मध्ये मिळायचा फोन मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला तो नोव्हेंबर २०२० मध्ये. पुढे किंमतही हजार डॉलरच्या वर गेली. त्यातील प्रोसेसरचे चार गाभे कॉर्टेक्स-ए५३ या २०१२ मध्ये जाहीर झालेल्या आराखड्याचे आहेत. फोन सुमारे दीड सेंटिमीटर जाड आहे. पहिल्या ग्राहकांच्या हाती तो आला तेव्हा कॅमेरा चालविणारे सॉफ्टवेअर तयार नव्हते, आणि बॅटरी दिवसभर पुरत नसे. या तक्रारी केवळ सोयीच्या वाटतील, पण तशा त्या नाहीत. ज्या फोनची बॅटरी दुपारीच संपते, त्याच्या जोडीला माणूस जुना फोन खिशात ठेवतो, आणि सारे व्यवहार पुन्हा त्या जुन्या फोनवरूनच होऊ लागतात. मग कळा कितीही चांगल्या असल्या तरी उपयोग काय?

आता फोन हरवला असे समजा. सापडलेल्या फोनचा गुप्त आकडा यंत्राच्या साह्याने शोधताना प्रत्येक प्रयत्नाला सेकंदाचा दहावा भाग लागतो असे धरू. चार अंकी आकड्याच्या १०,००० शक्यता १,००० सेकंदांत, म्हणजे सुमारे १७ मिनिटांत संपतात. सहा अंकी आकड्याच्या १० लाख शक्यता सुमारे २८ तासांत. हे थांबवायचे तर प्रयत्न मोजणारा कोणी पहारेकरी हवा. तो केवळ सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर साठवणीची नक्कल काढून ती दुसऱ्या यंत्रावर उघडू पाहणाऱ्याला तो अडवू शकत नाही. म्हणून किल्लीचा एक भाग वेगळ्या चिपमध्ये कोंडून ठेवतात, आणि चुका वाढल्या की ती चिपच पुढचा प्रयत्न लांबविते. प्रत्येक चुकीनंतर एक दिवस थांबावे लागले, तर १० लाख प्रयत्नांना २,७०० वर्षे लागतील!

गूगलने २०१८ च्या पिक्सेल ३ पासून टायटन एम नावाची अशी चिप बसविली. लिब्रेममध्ये अशी चिप नाही. तेथे भिस्त वापरणाऱ्याने निवडलेल्या लांब परवलीच्या शब्दांवर आहे, आणि ते आखूड ठेवले की धोका पुन्हा उभा राहतो. ग्राफीनओएस या खासगीपणासाठी घडविलेल्या प्रणालीने अनेक वर्षे पिक्सेलवरच भर दिला, त्याचे कारण त्यातील हार्डवेअर हेच होते. यावर आक्षेप आहेच. ज्या कंपनीच्या नजरेपासून दूर राहायचे, तिच्याकडूनच यंत्र घ्यायचे. आणि मोडेम तोडणारी कळ तेथे नाही. हा आक्षेप खरा आहे. फक्त त्यावरून दुबळे हार्डवेअर सुरक्षित ठरत नाही.

दर्जाचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे टिकणे. २०१४ मध्ये ब्लॅकफोन हा खासगीपणासाठीच निघाला. त्यात एनव्हिडियाचा आयसेरा मोडेम होता. २०१५ मध्ये एनव्हिडियाने मोडेमचा व्यवसाय आटोपता घेतला. त्याच मोडेमशी बोलणारी एक वाट उघडी राहिल्याचे सुरक्षा-तज्ज्ञांना आढळले, आणि जानेवारी २०१६ मध्ये ते जाहीर झाले. त्या वाटेने कॉल दुसरीकडे वळविणेही शक्य होते. ती चूक दुरुस्त झाली. पण सुटा भाग निवडताना त्याचा निर्माता किती वर्षे पाठीशी राहील हेही पाहावे लागते, हा धडा उरला. २०२३ च्या पिक्सेल ८ ला सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे वचन आहे. वेगापेक्षा हा आकडा आधी वाचावा.

तेव्हा आमचा कौल असा. आपले बोलणे कोणी ऐकत असेल अशी ज्याला खरोखरच भीती आहे, त्याने कळांना अधिक गुण द्यावेत. शिक्षकाला मुख्य धोका फोन हरवण्याचा वा चोरीचा असतो. त्याने पहारेकरी चिप, दुरुस्त्यांची मुदत आणि दिवसभर पुरणारी बॅटरी या क्रमाने पारख करावी. नवा फोन घेणे शक्य नसेल, तरी चार अंकांऐवजी सहा अंक ठेवावेत, आणि काम झाल्यावर मुलांच्या याद्या फोनमधून काढून टाकाव्यात.

वरचे गणित दहावीच्या वर्गात जरूर करून घ्यावे. आठ अंकी आकड्याला किती वेळ लागेल? आणि चिपने प्रत्येक प्रयत्नानंतर फक्त एक मिनिट थांबविले तर? उत्तरे काढणारी मुले जाहिरात वाचताना पुढच्या वेळी नेमका प्रश्न विचारतील.