सरासरी चूक शून्य, मग मायनस नंबर कुठून आला?

मोतीबिंदू आणि डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन एकाच वेळी केलं, तर नंतर उरणाऱ्या चष्म्याच्या नंबरचा अंदाज किती बरोबर येतो, यावरचे पेपर तुम्ही वाचायला घ्याल तेव्हा थेट निष्कर्षावर जाऊ नका. आधी ‘सरासरी चूक’ कशी काढली आहे ते शोधा. माझ्या मते या विषयातले पेपर घसरतात ते इथेच.

थोडी पार्श्वभूमी. डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता मोजून ती एसआरके/टी किंवा बॅरेटसारख्या सूत्रात घालतात. त्यावरून भिंगाची पॉवर ठरते आणि पुढे किती नंबर उरेल हेही कळतं. प्रत्यक्ष उरलेला नंबर वजा हा अंदाज, म्हणजे चूक. आता निम्म्या डोळ्यांत ती +1 आणि निम्म्यांत −1 आली, तर सरासरी शून्य, आणि बरोबर मात्र एकही नाही! म्हणून चिन्ह काढून टाकून निरपेक्ष चूक बघायची, शिवाय ±0.5 डायॉप्टरच्या आत किती डोळे आले तेही. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

खरी गोची पुढे आहे. सूत्रांची तुलना करताना भिंगाचा स्थिरांक असा जुळवतात की सरासरी चूक शून्यच व्हावी. नुसत्या मोतीबिंदूच्या अभ्यासात हे रास्त आहे, कारण तिथे स्पर्धा सूत्रांची असते. इथे प्रश्नच वेगळा आहे: पडद्याचं ऑपरेशन जोडल्याने नंबर मायनसकडे झुकतो का? झुकायला कारणं आहेत. डोळ्यात भरलेला गॅस भिंगाला पुढे ढकलू शकतो, आणि भिंग पुढे आलं की नंबर मायनसकडे जातो. मॅक्युला सुटलेला असेल तर यंत्र पुढे आलेल्या पडद्यापर्यंतच अंतर मोजू शकतं. डोळा आखूड भासतो आणि भिंग जास्त पॉवरचं निवडलं जातं. लांबीत 1 मिमीची चूक म्हणजे साधारण अडीच ते तीन डायॉप्टर, ही काही किरकोळ बाब नाही. मग त्याच डोळ्यांवरून स्थिरांक जुळवला, तर जे शोधायला निघालो तेच पुसलं गेलं की! स्थिरांक फक्त मोतीबिंदू केलेल्या गटावरून घ्या आणि दोन्ही गटांना तोच लावा, मग कल दिसेल.

सुटलेला पडदा, मॅक्युलाचं छिद्र आणि पडद्यावरची पातळ झिल्ली हे तिन्ही एकाच गटात टाकणं मला तितकंच खटकतं. तिघांत चूक होण्याची कारणं वेगळी. त्यात सी3एफ8 गॅस डोळ्यात दोनेक महिने टिकतो, म्हणजे महिन्याभराने तपासलेल्या नंबरला काय अर्थ?

आणखी एक. नॉर्बी यांनी 2008 मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या चुकीचा हिशोब मांडला होता: भिंग नेमकं कुठे बसेल याच्या अंदाजातून 35%, नंतरच्या चष्मा-तपासणीतून 27%, लांबीच्या मोजमापातून 17%. आता ज्याचा मॅक्युलाच आजारी आहे, त्याला ‘ही काच बरी की ती?’ विचारलं तर तो काय सांगणार? तपासणीतला गोंधळ इथे वाढणारच, आणि तो सगळा सूत्राच्या नावावर जमा होतो. नंतरची दृष्टी निदान किती असली तर डोळा मोजणीत धरला, ही अट पद्धतीच्या भागात दिसली नाही, तर तो पेपर मी सूत्राची परीक्षा म्हणून वाचत नाही.