ओसरीवरील सावल्या

छायाचित्र म्हणजे यंत्रानें घेतलेली नक्कल, तींत कलावंताचें काय, हा आक्षेप आम्ही पुष्कळ वर्षें ऐकत आलों आहों. आक्षेपकांपुढें पॉल स्ट्रँड यांचें १९१६ सालचें एक चित्र ठेवावेंसें आम्हांस वाटतें. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत, ट्विन लेक्स येथील एका घराच्या ओसरीवर तें घेतलेलें आहे. विषय काय, तर उन्हांत आडवें केलेलें एक गोल मेज आणि त्यावर पडलेली कठड्याची सावली! मेजाची वाटोळी कड आणि सावल्यांचे तिरपे पट्टे एकमेकांस असे छेदतात कीं, लांकूड कोठें संपलें व सावली कोठें सुरू झाली, हें प्रथमदर्शनीं उमगतच नाहीं. सावलीस वस्तूइतकेंच वजन आलें आहे. मेज कलतें करणें, जवळ जाणें आणि बाकीचें घर चौकटीबाहेर ठेवणें, एवढाच स्ट्रँड यांचा कारभार. पण ही निवड यंत्राची नव्हे.

तरी आमची एक तक्रार आहे, ती कोणास गांवढळ वाटली तरी वाटो. त्या ओसरीवर कोण बसे, याचा चित्रांत मागमूस नाहीं. ती कोणाचीही असती तरी चाललें असतें. स्ट्रँड यांनींच १९५३ सालीं इटलींतील लुझ्झारा गांवीं एका शेतकरी कुटुंबाचें चित्र घेतलें. दारांत उभी आई, भोंवतीं पांच मुलगे, मागें दाराआंतला काळोख. तो काळोख मात्र त्याच घराचा आहे.