‘क्राफ्ट’ कोण ठरवतं? बिअरच्या चळवळीवरचं संशोधन वाचताना



गेल्या पोस्टनंतर दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला. लिटरेचर रिव्ह्यू ‘क्रिटिकल’ हवा असं सगळे सांगतात, पण म्हणजे करायचं काय? गाजलेल्या प्राध्यापकांच्या चुका काढायच्या? तेवढी आपली तयारी कुठे असते?

चुका काढायच्या नसतात. बघायचं एवढंच, की लेखकाने कोणता शब्द तयार उचलला आणि तो कुणाकडून उचलला. आज हे माझ्याच विषयावर करून दाखवते. विषय आहे अमेरिकेतली क्राफ्ट बिअरची चळवळ. (हो, घरी अजूनही ‘उद्योगांचं समाजशास्त्र’ एवढंच सांगितलंय.)

आधी गोष्ट काय आहे ते

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बिअर बनवणाऱ्या कंपन्या झपाट्याने कमी झाल्या. मोठ्यांनी लहानांना विकत घेतलं, काही बंद पडल्या आणि उरलेल्या सगळ्यांची बिअर साधारण एकाच चवीची झाली. फिकी, हलकी, थंडगार. मग उलटं वारं सुरू झालं. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅगने सॅन फ्रान्सिस्कोमधली डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी घेतली. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरी बिअर बनवणं केंद्रीय कायद्याने मोकळं झालं, आणि त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये घरी बिअर बनवणाऱ्यांची संघटना उभी राहिली. ऐंशीच्या दशकापासून छोट्या ब्रुअऱ्या भराभर निघू लागल्या.

संशोधकाला पडणारा प्रश्न असा: बाजार मूठभर बड्या कंपन्यांच्या हातात जात असताना लहान कंपन्या वाढतातच कशा?

पेपर: ग्लेन कॅरोल आणि आनंद स्वामिनाथन, २०००

‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’मधला हा पेपर या विषयात कुणालाच टाळता येत नाही. त्यातला सिद्धांत म्हणजे रिसोर्स पार्टिशनिंग. घाबरू नका, सोपा आहे.

समजा एका गावात दहा खानावळी आहेत, प्रत्येकीची चव थोडी वेगळी. त्या एकमेकींशी झगडून शेवटी दोनच उरतात. दोघी जास्तीत जास्त गिऱ्हाइकाला चालेल अशी एकच थाळी देतात. मग ज्याला मालवणी तिखलंच हवं किंवा झुणका-भाकरच हवी, तो उपाशी राहतो. तिथे एका छोट्या खानावळीला जागा होते. म्हणजे बड्यांचं एकत्रीकरण आणि लहानांची वाढ या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. पहिलीमुळेच दुसरीला वाट मिळते.

पण मग बड्या कंपनीने तसलीच बिअर बनवून ही जागाही का बळकावू नये? लेखकांचं उत्तर म्हणजे पेपरचा सगळ्यात चांगला भाग आहे. ते म्हणतात, प्रश्न फक्त चवीचा नाही, ओळखीचा आहे. हे गिऱ्हाईक कुणी बनवलं, कसं बनवलं, हेही विकत घेतं. म्हणून लेखक ब्रुपब, मायक्रोब्रुअरी आणि दुसऱ्याच्या कारखान्यात बिअर करून घेणारे कंत्राटी ब्रुअर असे गट वेगळे करतात. ही वर्गवारी त्यांनी स्वतः विचार करून केली आहे, उसनी घेतलेली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझी अडचण इथे सुरू होते. ही ‘ओळख’ पेपरात आकाशातून पडल्यासारखी येते. गिऱ्हाइकाला अस्सल आणि नक्कल यातला फरक कळतो, एवढं गृहीत आहे. पण तो फरक त्याला शिकवला कुणी?

पुस्तक: हयग्रीव राव, ‘मार्केट रिबेल्स’, २००९

रावांच्या पुस्तकात ही माणसं भेटतात. त्यांच्या मते नवा बाजार उभा राहायला दोन गोष्टी लागतात. एक ‘हॉट कॉज’, म्हणजे डोक्यात राग भरणारं कारण. इथे ते म्हणजे कारखान्यातली बेचव बिअर. दुसरी ‘कूल मोबिलायझेशन’, म्हणजे लोकांना हळूहळू, हाताने काही करायला लावून आत ओढणं. घरी बिअर बनवणं, ब्रुअरीत जाऊन बघणं, महोत्सवांना जाणं. मोर्चा नाही, घोषणा नाहीत, तरी माणूस चळवळीचा होऊन जातो.

इंग्लंडमधली चळवळही त्यांच्या गोष्टीत आहे. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, म्हणजे कॅमरा, १९७१ मध्ये चार तरुणांनी सुरू केली. ती पिणाऱ्यांची संघटना होती, बनवणाऱ्यांची नव्हे. म्हणून तिची व्याख्याही पिणाऱ्याच्या बाजूची आहे: ज्या पिंपातून बिअर वाढली जाते त्याच पिंपात ती दुसऱ्यांदा आंबलेली हवी, आणि वाढताना बाहेरून गॅस सोडलेला नको. कंपनी केवढी, मालक कोण, हे ही व्याख्या विचारतच नाही.

अमेरिकेतली व्याख्या मात्र ब्रुअर्स असोसिएशनची. ही बनवणाऱ्यांची संघटना २००५ मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र येऊन झाली. तिच्या तीन अटी होत्या: ब्रुअरी लहान हवी, स्वतंत्र हवी आणि पारंपरिक हवी. तिन्ही अटी कंपनीबद्दल आहेत. ग्लासात काय आहे हे फक्त तिसरीत थोडंसं येतं.

रावांचं पुस्तक मला आवडतं. पण त्यात चळवळ म्हणजे नायक, आणि बाजार जिंकला की गोष्ट संपली. जिंकल्यानंतर चळवळीची संघटना होते, संघटना व्याख्या लिहिते, आणि व्याख्या कुणाला तरी बाहेर ठेवते. खरी मजा तिथे आहे.

लहान म्हणजे किती लहान?

संघटनेच्या व्याख्येत ‘लहान’ म्हणजे वर्षाला २० लाख बॅरलपेक्षा कमी. अमेरिकेतला बिअरचा एक बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर. आता, हाच २० लाखांचा आकडा १९७६ च्या करकायद्यातही आहे. त्या मर्यादेच्या आतल्या ब्रुअरीला पहिल्या ६०,००० बॅरलवर बॅरलमागे ९ ऐवजी ७ डॉलर कर लागायचा.

मग बॉस्टन बिअर कंपनी, म्हणजे सॅम्युअल अ‍ॅडम्सवाले, या मर्यादेच्या जवळ पोहोचले. २०१० च्या शेवटी संघटनेने मर्यादा ६० लाख बॅरल केली. त्याच सुमारास करसवलतीची मर्यादाही ६० लाखांवर न्यावी अशी तिची मागणी चालू होती.

आता गंमत बघा. १९८४ मध्ये निघालेल्या या कंपनीची बिअर सुरुवातीची कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत बनायची. म्हणजे कॅरोल आणि स्वामिनाथन ज्यांच्या अस्सलपणावर प्रश्नचिन्ह लावतात, त्या कंत्राटी गटातलं हे सगळ्यात ठळक नाव. दहा वर्षांनी हीच कंपनी बाहेर पडू नये म्हणून ‘लहान’चा अर्थ तिप्पट मोठा झाला.

यात काही कारस्थान आहे असं मी म्हणत नाही. सरकारदरबारी आपलं वजन हवं तर मोठा सभासद टिकवावा लागतो. कुठलीही संघटना हेच करेल. पण मग व्याख्या हे वकिलीचं हत्यार झालं. ते आपण मोजपट्टी म्हणून वापरू शकतो का?

मक्याचा गुन्हा

डिसेंबर २०१२ मध्ये संघटनेने एक निवेदन काढलं. बड्या कंपन्या लहान ब्रुअरीचा आव आणून बिअर विकतात, गिऱ्हाइकाला फसवतात, असा त्याचा रोख होता. तक्रार रास्तच होती. पण सोबत ‘क्राफ्ट नसलेल्या’ देशी ब्रुअऱ्यांची यादीही होती, आणि तिच्यात मिनेसोटातली ऑगस्ट शेल ही ब्रुअरी होती.

शेल १८६० पासून चालू आहे आणि एकाच कुटुंबाची आहे. लहान? हो. स्वतंत्र? हो. मग चुकलं कुठे? त्यांच्या मुख्य बिअरमध्ये थोडा मका पडतो. मका म्हणजे बड्या कंपन्यांची स्वस्त भेसळ, असं चळवळीचं मत असल्यामुळे शेल ‘पारंपरिक’ ठरली नाही. कुटुंबाने जाहीर उत्तर दिलं. जर्मनीहून आलेल्या मूळ संस्थापकाला इथे मिळणारी बार्ली वेगळ्या जातीची होती, तिच्यात प्रथिनं जास्त, ती सौम्य करायला मका लागायचा. म्हणजे दीडशे वर्षांची परंपराच परंपरेच्या अटीत नापास झाली.

२०१४ मध्ये संघटनेने ती अट सैल केली आणि शेलसारख्यांना आत घेतलं. २०१८ मध्ये ‘पारंपरिक’ हा निकषच काढून टाकला.

आता एका विद्यार्थ्याचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. ‘क्राफ्ट ब्रुअऱ्यांची वाढ, २००८ ते २०१८’, आलेख वर चढतोय. या चढात नव्या ब्रुअऱ्या आहेत, आणि व्याख्या बदलल्यामुळे आत आलेल्या जुन्याही आहेत. उलट २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लागुनिटासचा अर्धा हिस्सा हाइनेकेनने घेतला तेव्हा ती यादीतून गेली, कारण बाहेरच्या कंपनीची मालकी २५ टक्क्यांच्या आत हवी. बिअर तीच, कामगार तेच. फक्त आलेखातून गायब.

हा विद्यार्थी काल्पनिक नाही. ती मीच. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये संघटनेची यादी हीच माझी सॅम्पलिंग फ्रेम होती. मॅडमनी पानाच्या कडेला पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘ही यादी कोणी केली आणि कशासाठी?’ मला तेव्हा राग आला होता. सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

यादीत नसलेली माणसं

मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट पुढची. चळवळ स्वतःला नेहमी ‘कम्युनिटी’ म्हणते, आणि संशोधकही सहज तोच शब्द वापरतात. पण व्याख्येतल्या अटी मालक कोण, उत्पादन किती, असं विचारतात. टाक्या धुणारा, बाटल्या भरणारा, काउंटरवर ग्लास भरून देणारा माणूस त्यात कुठेच नाही.

अँकर आठवते? जिच्यापासून या चळवळीची गोष्ट सुरू होते, ती? २०१७ मध्ये ती जपानच्या सप्पोरो कंपनीने विकत घेतली. म्हणजे व्याख्येबाहेर. २०१९ मध्ये तिथल्या कामगारांनी मतदान करून युनियन केली. २०२३ मध्ये कंपनीने ब्रुअरी बंद करत असल्याचं जाहीर केलं. क्राफ्ट बिअरमध्ये हक्कांसाठी कोण बोललं, या प्रश्नावर तुम्ही प्रबंध लिहिताय आणि तुमची यादी संघटनेची आहे, तर हे कामगार तुम्हाला दिसणारच नाहीत. त्यांनी वेगळं काही केलं म्हणून नव्हे, तर मालक बदलला म्हणून.

मे २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका ब्रुअरीत काम करणाऱ्या बाईने इन्स्टाग्रामवर इतर बायकांना या धंद्यात आलेल्या लैंगिक भेदभावाचे अनुभव विचारले. शेकडो उत्तरं आली, आणि काही ठिकाणी वरच्या माणसांना पायउतार व्हावं लागलं. त्याआधी २०२० मध्ये नॅथानिएल चॅपमन आणि डेव्हिड ब्रन्स्मा यांचं ‘बिअर अँड रेसिझम’ आलं होतं. त्यांचा मुद्दा असा, की ही मंडळी गोरी आहेत हा योगायोग नाही, बिअरच्या धंद्याच्या इतिहासातूनच ते घडत आलंय. ‘कम्युनिटी’ हा शब्द जसाच्या तसा उचलला की असले प्रश्न विचारायची जागाच उरत नाही, कारण कम्युनिटी म्हटलं की सगळे आपलेच.

मग दोन्ही लेखन टाकून द्यायचं?

मुळीच नाही. लहान कंपन्यांना जागा कशी होते, हे कॅरोल-स्वामिनाथनइतकं नीट दुसऱ्या कुणी मला समजावलेलं नाही. त्या जागेत माणसं कशी जमतात ते राव सांगतात. दोघांनीही न विचारलेला प्रश्न असा: जागा भरल्यावर दाराशी कोण उभं राहतं? समीक्षा म्हणजे हा न विचारलेला प्रश्न नेमका पकडणं. तो सापडला की तुमच्या प्रबंधालाही जागा होते. रिसोर्स पार्टिशनिंग इथेही लागू पडतं म्हणा ना.

समाजशास्त्रात याला जुना शब्द आहे. लोक रोजच्या व्यवहारात वापरतात ती कोटी वेगळी, आणि आपण विश्लेषणासाठी वापरतो ती वेगळी. ‘क्राफ्ट’ ही पहिल्या प्रकारची आहे. तिचा अभ्यास जरूर करावा, पण तिच्याने मोजू नये. माझ्या नव्या आराखड्यात संघटनेची यादी आहेच, पण आता ती पुरावा म्हणून आहे. कोण कधी आत आलं, कधी बाहेर गेलं, हाच माझा डेटा. सॅम्पल सरकारी परवान्यांच्या नोंदींवरून घेतेय, कारण परवाना शेललाही लागतो आणि सप्पोरोच्या अँकरलाही लागत होता.

आता तुमची पाळी. तुमच्या विषयातला एक शब्द घ्या. ‘सेंद्रिय’ शेती, ‘अस्सल’ हातमाग, ‘प्रगतिशील’ शेतकरी, काहीही. आणि वहीत तीन ओळी लिहा: ही व्याख्या कोणी लिहिली, ती शेवटची कधी बदलली, आणि बदलली त्या दिवशी कोण आत आलं किंवा बाहेर गेलं. तिसऱ्या ओळीत एक जरी खरं नाव सापडलं, तरी प्रपोजलचं पहिलं पान झालं समजा.

अडलात तर कळवा. पुढच्या वेळी परवान्यांच्या नोंदी कशा वाचायच्या ते बघू.