जबानीतला एक शब्द

कोलोन शहराचे नाव आपल्या घरांत फार जुने आहे. मुलाला ताप भरला की कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवायच्या, हे कोकणातून मुंबईला आलेल्या आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. ज्यांचा इतिहासाशी परिचय आहे त्यांना हेही माहीत असेल की आल्प्स पर्वताच्या उत्तरेस यहुदी वस्तीचा सर्वांत जुना लेखी पुरावा याच शहराचा आहे. इ. स. ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने एक फर्मान काढून तेथील यहुद्यांना नगरसभेवर घेण्यास परवानगी दिली होती. परंतु आज कोलोनची आठवण काढण्याचे कारण वेगळे आहे. या शहराच्या एका लेखकाने एक लहानसे पुस्तक लिहिले, त्यावर चित्रपट निघाला, आणि त्या दोहोंमध्ये आपल्या समाजाने ओळखावी अशी एक गोष्ट आहे.

लेखकाचे नाव हाइनरिश ब्योल. जन्म कोलोनचा, १९१७ सालचा. युद्धात सक्तीने शिपाई झाले, परत आले तेव्हा शहर मातीला मिळालेले होते. १९५९ मध्ये कोलोनात ‘गेर्मानिया युडाइका’ हे जर्मन यहुद्यांच्या इतिहासाचे ग्रंथालय निघाले, त्याच्या संस्थापकांपैकी ते एक. १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच वर्षाच्या आरंभी ‘बिल्ड’ या प्रचंड खपाच्या वृत्तपत्रावर त्यांनी एक कडक लेख लिहिला होता. पुरावा हाती येण्यापूर्वीच एका दरोड्याचे खापर त्या पत्राने एका अतिरेकी गटावर फोडले, हा त्यांचा आक्षेप होता. त्यावरून त्यांनाच अतिरेक्यांचा पाठीराखा ठरविण्यात आले आणि जूनमध्ये पोलिसांनी त्यांच्या खेड्यातील घराची झडती घेतली. १९७४ मध्ये आलेली ‘काटारीना ब्लूमची गमावलेली अब्रू’ ही कादंबरी या अनुभवानंतरची आहे.

कथानक थोडक्यात असे. काटारीना सत्तावीस वर्षांची, घटस्फोटित, परक्यांची घरे सांभाळून पोट भरणारी. मेहनतीने स्वतःचा फ्लॅट घेतलेला, कर्जाचे हप्ते चालू. इतकी जपून राहणारी की मैत्रिणी तिला जोगीण म्हणत. कार्निव्हलच्या दिवसांत, बुधवारी संध्याकाळी एका घरगुती नाचाच्या प्रसंगी तिला लुडविग नावाचा तरुण भेटतो. दोघांचे मन जुळते. तो तिच्याकडे रात्र काढतो. पोलीस त्याच्या मागावर असतात. सकाळी ते दार फोडून आत शिरतात तेव्हा तो निसटलेला असतो, आणि वाट तिनेच दाखविलेली असते. पुढचे चार दिवस पोलीस तिची चौकशी करतात आणि एक वृत्तपत्र तिच्या आयुष्याची चिरफाड करते. रविवारी दुपारी त्या पत्राचा बातमीदार तिच्या घरी येतो व तिच्याशी निर्लज्ज बोलतो, तेव्हा ती त्याला गोळी घालते. संध्याकाळी स्वतःच पोलिसांकडे जाऊन तसे सांगते.

हे सारे ब्योल पहिल्या काही पानांतच सांगून टाकतात. रहस्यकथेची गोडी त्यांना नकोच आहे. एखादा कारकून अहवाल लिहितो तसे ते रूक्ष भाषेत तारखा, वेळा, कोण कुठे होते हे नोंदवीत जातात. काही वाचकांना ही पद्धत कंटाळवाणी वाटेल. मला ती पुस्तकाचा प्राण वाटते, कारण पुस्तकातला खरा झगडा पिस्तुलाचा नाही, जबानीचा आहे.

चौकशीच्या वेळी काटारीना सांगते की पार्ट्यांतून पुरुष तिच्याशी लगट करीत, म्हणून ती जाणे टाळी. पोलीस लिहून घेतात की पुरुष तिच्याशी प्रेमळपणे वागत. ती सही करायला नकार देते. प्रेमळपणा दोन्ही बाजूंनी असतो, लगट एकाच बाजूने होते. माझ्या बाबतीत जे झाले ते दुसरे होते, असे ती ठामपणे सांगते. पुढे आपल्या मालक-मालकिणीविषयी ती जो शब्द वापरते त्यात माया आहे. पोलिसांना तिथे नुसते ‘चांगले वागत’ पुरे वाटते. पुन्हा तोच वाद. अधिकारी वैतागतात, वेळ जातो. समोर बसलेल्या बाईला तिच्या आयुष्यासाठी योग्य शब्द कोणता हे ठाऊक असावे, हेच त्यांना पटत नाही. मोटार इतकी का चालली, असेही ते विचारतात. मीटरचा आकडा आणि तिच्या कामाच्या खेपा यांचा मेळ बसत नाही. ती सांगते की कधीकधी पावसात मी उगाच गाडी घेऊन निघते, एकटी फिरते. एकट्या बाईचे हे एवढेसे सुख, तेही कागदावर संशयास्पद होऊन बसते.

वृत्तपत्राची तऱ्हा याहून वाईट. पोलीस निदान वाद घालतात. तिचा वकील मालक तिला हुशार आणि शांत डोक्याची म्हणतो, छापून येते की ती थंड रक्ताची आणि डावपेची आहे. इस्पितळात कर्करोगाने खंगलेल्या तिच्या आईपर्यंत बातमीदार रंगाऱ्याच्या वेषात पोहोचतो. असे का व्हावे, असा त्या माउलीचा विलाप छापताना ‘असे व्हायचेच होते’ असा होतो. आणि यावर त्याचे समर्थन काय, तर साध्या माणसांना नीट बोलता येत नाही, आम्ही त्यांना मदत करतो! पुस्तकातले हे सर्वांत भयंकर ठिकाण आहे, पिस्तुलापेक्षाही.

१९७५ साली फोल्कर श्लोन्डोर्फ आणि मार्गारेठ फॉन ट्रोटा यांनी यावर चित्रपट केला. काटारीना झाली आहे आंगेला विंकलर. काळे चिलखती पोलीस फ्लॅटमध्ये घुसतात आणि ही बाई घरच्या झग्यात उभी राहते, ते दृश्य विसरता येत नाही. तिचा चेहरा हळूहळू बंद होत जातो, हे पुस्तक करू शकत नाही. उलट पुस्तकातला तो थंड अहवाल लिहिणारा चित्रपटात नाहीसा झाला, आणि शब्दांवरची ओढाताण जितकी लांबायला हवी तितकी लांबत नाही. शेवटी बातमीदाराच्या दफनविधीत मालक वृत्तपत्रस्वातंत्र्यावर भाषण ठोकतो. टाळी घेणारा प्रसंग आहे, पण मला तो जरा सोपा वाटला.

मराठी माणसाला हे पाहताना लीला बेणारे आठवणार. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले, १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला. दोन्हींत बेणारे सुलभा देशपांडे. तिथे पोलीस नाहीत, वृत्तपत्र नाही. ओळखीची नाटकवेडी मंडळी गंमत म्हणून खोटे कोर्ट मांडतात आणि भ्रूणहत्येचा खोटा आरोप पाहता पाहता तिच्या खऱ्या आयुष्यावर येऊन बसतो. बेणारेला तेंडुलकरांनी लांबलचक स्वगत दिले, पण ते ऐकतो फक्त प्रेक्षक. रंगमंचावरच्या माणसांच्या कानी त्यातले काही पडत नाही. काटारीनाला स्वगत नाही, दोन-चार शब्द आहेत, पण ते ती समोरच्यांना लिहायला लावते. दुःखाच्या दृष्टीने बेणारे मोठी, हट्टाच्या दृष्टीने काटारीना.

हा हट्ट आपल्याला परका नाही. कोकणात शेजाऱ्यांनी आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हटले. ते नाव आपण निवडले नव्हते, पण त्यात विष नव्हते. यांचा घाणा शनिवारी बंद असतो, एवढीच ती खूण. विष १९६२ साली कळले. त्या वर्षी इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळाने विवाहनोंदणीसाठी सूचना काढल्या, त्यांत बेने इस्रायल वधूवरांच्या मागच्या पिढ्यांची, आईच्या आईपर्यंत आणि जमेल तितकी त्याहून मागे, चौकशी करावी असे होते. हे कलम एका समाजाचे नाव घेऊन लिहिले होते. तक्रार चौकशीबद्दल होतीच, पण जास्त जिव्हारी लागले ते नाव. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर रब्बीमंडळाने सूचनांतून समाजाचे नाव काढून, ज्या कोणाविषयी शंका असेल तो, अशी सर्वसामान्य शब्दरचना घातली. बाहेरच्याला वाटेल, एवढ्यासाठी एवढे? काटारीनाच्या चौकशीतील अधिकाऱ्यांनाही असेच वाटले होते.

मात्र ‘काळे इस्रायल’ हे नाव आपणच आपल्यातल्या काहींना दिले होते आणि सोयरीक जुळवताना ते वापरलेही. त्यांची जबानी कोणी लिहून घेतली नाही.

गोळीविषयी ब्योल यांनी निकाल दिलेला नाही. पुस्तकाच्या उपशीर्षकात मात्र हिंसा कशी उपजते आणि कुठवर नेते हा विषय उघड मांडला आहे. जेरुसलेमच्या रस्त्यावर बसलेले लोक पुष्कळ होते, त्यांच्यामागे मुंबईची मंडळी होती, आणि त्यांच्यासाठी संसदेचे दार उघडले. काटारीनाच्या बाजूला मोजकी चार माणसे, आणि त्यांतली प्रत्येक जण या प्रकरणात काही ना काही गमावते. तिच्या शब्दासाठी भांडायला ती एकटीच होती. पोलिसांपुढे ती जिंकली, कारण तिथे सही तिची लागणार होती. वृत्तपत्राला तिच्या सहीची गरज नव्हती.

लैला वेनेविट्झ यांचे इंग्रजी भाषांतर १९७५ पासून उपलब्ध आहे. पुस्तक लहान आहे, दोन शब्बाथच्या दुपारी पुरेसे. चित्रपट पाहायचा असेल तर तो त्यानंतर पाहावा.