धक्क्यांचा रतीब

रात्रीचे साडेदहा वाजले की आपल्या मराठी वाहिन्यांच्या अंगात येतं. 'सातव्या मुलीची सातवी मुलगी'मध्ये विरोचक होता, 'तुला जपणार आहे'मध्ये लेकीसाठी घुटमळणारी आई आली, मग 'काजळमाया'त चेटकीण आली. भुताखेतांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्याशिवाय मराठी बालपण पार पडतच नाही. चीड येते ती प्रोमोंची. दर आठवड्याला 'आजवर कधीही न पाहिलेलं वळण', दर महिन्याला महाएपिसोड, आणि प्रत्येक वळणावर एकच चेहरा तीन कोनांतून, मागे विजांचा कडकडाट. ठरल्या वेळी दारात येणाऱ्या धक्क्याला धक्का म्हणत नाहीत, तो रतीब असतो. आणि हल्ली दूध नासकं येतं.

हे सर्वांत आधी कळतं ते प्रेक्षकाला. विरारहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत या मालिकांची जी चिरफाड होते ती ऐकण्यासारखी असते. कोण मरणार, कोण मेल्याचं सोंग करणार, कुणाचा हमशकल येणार, हे नालासोपारा यायच्या आत ठरलेलं असतं आणि रात्री तसंच घडतं. आश्चर्य वाटलंच तर एवढ्याचंच की मेलेला माणूस अजून परत कसा आला नाही. ही माणसं भाबडी आहेत असं ज्या वाहिनीप्रमुखांना वाटतं, त्यांनी एकदा या गाडीने दादरपर्यंत यावं.

मालिकेचं वळण कथेतून निघत नाही, आकड्यांतून निघतं, हेही त्या डब्याला ठाऊक असतं. गुरुवारी टीआरपी येतो आणि शुक्रवारी कुणाचा तरी स्मृतिभ्रंश होतो. पायंडा जुना आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर मेला, प्रेक्षकांनी आकांत मांडला, मिहीर परतला. त्या दिवसापासून आपल्या दूरचित्रवाणीवर मरण ही किरकोळ रजा झाली. 'नागिन'बद्दल तर एका वाक्यात आटोपतं: 2015 पासून ती कात टाकते आहे, आत सापडते तीच जुनी कथा.

याच वाहिन्यांवर याच्या नेमकं उलट काय घडू शकतं, ते 'रात्रीस खेळ चाले'ने दाखवलं होतं. 2016 चा पहिला भाग सुरू झाला तोच अण्णा नाईकांच्या मृत्यूने. 2019 मध्ये दुसरा भाग आला आणि कथा मागे गेली, अण्णांच्या हयातीत. म्हणजे वळणाचा प्रश्नच मिटला. हा माणूस मरणार, शेवंता मरणार, वाड्यावर अवकळा येणार, हे पहिल्या दिवसापासून घराघरांत माहीत. धंद्याच्या हिशेबाने ही आत्महत्या होती. प्रत्यक्षात मराठी प्रेक्षक अण्णा-शेवंतासाठी वेडा झाला तो याच भागात. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांची नावं लहान पोरांच्या तोंडी बसली, सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा बघायला माणसं वाट वाकडी करून जाऊ लागली.

असं का झालं? कारण प्रश्न 'काय होणार' हा उरलाच नव्हता. अण्णा मिशीवर हात फिरवत अंगणात उतरत, तेव्हा त्या गुर्मीच्या पाठीमागे त्यांचं मरण उभं आहे हे बघणाऱ्याला दिसत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. शकुंतला नरेंची माई गप्प बसे, तेव्हा त्या गप्प बसण्याची किंमत पुढे कोण मोजणार हे आपल्याला ठाऊक होतं. प्रल्हाद कुडतरकरांनी लिहिलेले मालवणी संवाद हसवता हसवता खोल जात ते या आगाऊ माहितीमुळे. 2021 मध्ये तिसऱ्या भागात शेवंता बदलली, कृतिका तुळसकर आली, आणि लोक हळहळले. ती हळहळ पात्रासाठी होती. कुठल्याही महाएपिसोडला ती विकत घेता आलेली नाही.

यात नवल काहीच नाही. कोकणात दशावताराला बसलेल्या प्रत्येकाला संकासुराचं काय होणार ते पाठ असतं, तरी माणूस पहाटेपर्यंत उठत नाही. जेजुरीला बानू येणार हे माहीत असूनही 'जय मल्हार'च्या प्रेक्षकांत म्हाळसेचा पक्ष आणि बानूचा पक्ष पडलाच. ज्या सवतींचं भांडण जागरणात पिढ्यानपिढ्या गायलं गेलं, ते 2014 नंतर टीव्हीसमोर नव्याने रंगलं. आपल्या लोकांना शेवट माहीत असल्याने कधीच काही बिघडलेलं नाही. बिघडतं ते मधला रस्ता खोटा असला की.

आणि खरं रहस्यच हवं असेल तर 'असंभव' आहे. चिन्मय मांडलेकरांचं लेखन, सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन, साल 2007. मागच्या जन्मी कोण कोण होतं, याचे धागे प्रेक्षकाच्या हातात दिले होते, लपवले नव्हते. मध्येच मानसी साळवीच्या जागी ऊर्मिला कानिटकर आली, तरी लोक हलले नाहीत, कारण वीण घट्ट होती. उलट 'सातव्या मुली'च्या नेत्राला भविष्य दिसतं, पण अर्धवट. ही कल्पना सोन्यासारखी होती, तिला शोकांतिकेची चव होती. वापरली गेली ती मात्र दिवसाचा भाग ताणायला.

पाश्चात्त्यांकडेही न्याय हाच. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये 2011 साली नेड स्टार्कचं डोकं उडालं, तेव्हा कादंबरी वाचलेल्यांना ते पंधरा वर्षांपूर्वीच माहीत होतं, तरी त्यांच्याही पोटात खड्डा पडला. 2019 चा शेवटचा सीझन सहा भागांत गुंडाळला, डेनेरिस पाहता पाहता शहर जाळू लागली, आणि नवा शेवट करा म्हणून 15 लाखांहून अधिक चाहत्यांनी सह्या केल्या. त्यांना हट्टी म्हणून हिणवलं गेलं. मला ते या काळातले सर्वांत प्रामाणिक समीक्षक वाटतात. ती तिथवर पोचली यावर त्यांचा राग नव्हताच, न चालता पोचली यावर होता.

हा वाद करमणुकीपुरता नाही, हे निदान वसईकरांना तरी कळायला हवं. नायगाव-कामण पट्ट्यात हिंदी मालिकांची अद्भुत राज्यं प्लायवूडवर उभी राहतात. 'अलिबाबा : दास्तान-ए-काबुल'चं काबूल इथलंच. त्यात शहजादी मरियम झालेली वीस वर्षांची तुनिषा शर्मा 24 डिसेंबर 2022 रोजी वसईतल्या सेटवर गेली. पुढचे कित्येक दिवस बातम्यांत एका मुलीच्या मृत्यूला पार्श्वसंगीत लागलं, रोज संध्याकाळी 'नवा ट्विस्ट' आला, ब्रेकआधी प्रश्न लटकवून ठेवला गेला. काही आठवड्यांत मालिका नव्या नावाने, नव्या अलीसह परत सुरूही झाली. मरणाला रजा समजायला आपल्याला वीस वर्षं शिकवलं गेलं होतं. खरं मरण समोर आलं तेव्हा आपल्याकडे ते बघण्याची दुसरी रीतच उरली नव्हती. याचा दोष प्रेक्षकावर ढकलणाऱ्यांनी आधी ही शाळा कुणी चालवली ते सांगावं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या अद्भुत मालिकेच्या पहिल्याच प्रोमोत तिचा शेवट सांगून टाका: कोण मरणार, कुणाच्या हातून, कशासाठी. शेवट सांगितल्यावर ज्याच्याकडे सांगण्याजोगं काही उरत नाही, त्याच्याकडे मुळात गोष्टच नव्हती. वाहिन्या हे करणार नाहीत. रहस्य फुटेल याची भीती हे त्यांचं दाखवायचं कारण. खरं कारण असं की मालिका सुरू होते तेव्हा तिचा शेवट त्यांनाच ठाऊक नसतो.