आहेराची वही

मुक्त सॉफ्टवेअरचा व्यापार आणि वापरणाऱ्यांच्या अपेक्षा : काही मूळ मजकुरांचे वाचन

तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयाची पुस्तकसूची संगणकावर चढवण्याचे काम मी काही वर्षे हौसेने केले. त्यासाठी निवडलेले सॉफ्टवेअर होते ‘कोहा’. पहिल्याच बैठकीत कार्यवाहांनी मला दोन प्रश्न विचारले. ‘‘हे फुकट आहे ना?’’ आणि ‘‘उद्या बंद पडले तर तक्रार कोणाकडे करायची?’’ पहिल्या प्रश्नाला मी अभिमानाने ‘हो’ म्हणालो. दुसऱ्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतले जाहीरनामे, परवाने आणि कंपन्यांची निवेदने मी वाचत गेलो. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींवरून लिनक्स शिकलेला मी माणूस. त्यामुळे हे मजकूर मी अभियंता म्हणून वाचले नाहीत. आपण एखादा करारनामा किंवा आत्मचरित्र वाचतो तसे वाचले. त्या वाचनातून हाती आले ते येथे मांडतो.

१

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि त्यामुळे या चळवळीचा पहिल्या दिवसापासून घोटाळा झाला, असे सांगण्याची पद्धत आहे. मराठीत हा घोटाळा होण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे ‘मुक्त’ वेगळे आणि ‘फुकट’ वेगळे. पण व्यवहार पाहावा तर ‘मुक्त’ हा शब्द परिसंवादापुरता राहिला आणि कचेरीत, शाळेत, वाचनालयात ‘फुकट’च चालला. शिवाय ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणारे आपण, फुकट मिळालेल्याला मनातून कमीही लेखतो. श्रम फुकट जातात, पैसे फुकट जातात. म्हणजे शब्द दोन असूनही आपण घोटाळा टाळला नाही. तेव्हा दोष एकट्या इंग्रजी भाषेवर ढकलता येत नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३च्या सप्टेंबरात ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली त्याचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. हा मजकूर नीट वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. त्यात पैशाचा तिटकारा नाही. प्रोग्रामर पोट कसे भरतील, या आक्षेपाला तिथे सविस्तर उत्तर आहे : लोकांना शिकवावे, हाताला धरून मदत करावी, देखभालीची सेवा विकावी. स्टॉलमन स्वतः त्या काळात आपल्या ‘ईमॅक्स’ या कार्यक्रमाच्या टेप दीडशे डॉलरला विकत असत. म्हणजे ‘आधी सगळे निर्मळ होते, मग व्यापारी आले आणि विटाळ झाला’ ही जी कथा वापरकर्ते एकमेकांना सांगतात, तिला मूळ मजकुराचा आधार नाही.

त्याच जाहीरनाम्यातल्या एका वाक्यावरून मात्र ही प्रणाली सर्वांना विनामूल्य मिळेल असा सरळ अर्थ निघतो. पुढे त्याला तळटीप जोडून स्टॉलमन यांनी कबूल केले, की ते शब्द निष्काळजीपणे योजले गेले. वापरण्याच्या परवानगीसाठी पैसे पडणार नाहीत, एवढेच म्हणायचे होते. एका चळवळीच्या स्थापनेच्या दस्तऐवजातच वाचकाची अपेक्षा आणि लेखकाचा हेतू यांची अशी फारकत झालेली आहे. तळटीप फार थोडे लोक वाचतात.

२

दुसरा मजकूर एरिक रेमंड यांचा. ‘कॅथीड्रल अँड द बझार’ हा त्यांचा निबंध १९९७ सालचा. १९९८च्या जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याचे जाहीर केले, फेब्रुवारीत ‘ओपन सोर्स’ हा नवा शब्द घडवला गेला आणि उद्योगजगताला ही कल्पना रुचेल अशी भाषा तयार झाली. बंदिस्त प्रार्थनामंदिरापेक्षा गजबजलेला बाजार बरा, ही रेमंड यांची उपमा गाजली. मराठी कानाला ती थोडी खटकते, कारण आपल्याकडे ‘बाजार मांडला’ हे कौतुकाने म्हणत नाहीत. आणि आठवडी बाजारालाही जागेची पावती फाडावी लागते, कोणीतरी मैदान झाडते. रेमंड यांच्या बाजारात झाडणारा दिसत नाही.

त्यांनी १९९८ साली आणखी एक निबंध लिहिला. त्यात या मंडळींची संस्कृती ही दानाची संस्कृती आहे, असे सांगितले. जो जास्त देतो त्याची प्रतिष्ठा वाढते, आणि त्या प्रतिष्ठेसाठी लोक देत राहतात. विवेचन चतुर आहे, पण माझ्या मते अपुरे आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५च्या सुमारास दानावर जो प्रसिद्ध प्रबंध लिहिला, त्यात तीन बंधने सांगितली आहेत : देण्याचे, घेण्याचे आणि परत करण्याचे. रेमंड यांच्याकडे पहिले बंधन सविस्तर आहे. उरलेली दोन नाहीत. घेणारा त्यांच्या निबंधात जवळजवळ अदृश्य आहे. तो पुढे चुका शोधून देईल, सुधारणा पाठवील, असे गृहीत धरलेले आहे. आमच्या कार्यवाहांसारखा माणूस, जो कोड वाचू शकत नाही पण ज्याचे रोजचे काम त्यावर चालते, तो या हिशेबात कुठे बसतो?

आपल्या खेड्यांत हा हिशेब अडाण्यालाही पाठ होता. सावडीने शेत नांगरायला आलेल्याच्या शेतावर आपणही जायचे असते. लग्नात आलेला आहेर वहीत लिहून ठेवतात. कोणी ती वही पाहुण्यासमोर उघडत नाही, पण ती असते.

३

‘कोहा’ची कहाणी मला याच कारणासाठी फार बोलकी वाटते. हा शब्द माओरी भाषेतला आहे. पाहुण्यांनी यजमानांकडे न्यायची भेट असा त्याचा अर्थ, आणि तिच्यात परतफेडीची अपेक्षा अनुस्यूत असते. आपला आहेरच म्हणा ना. योगायोग असा, की मोस यांच्या प्रबंधाचा एक मुख्य आधारही माओरींची दानकल्पनाच होती.

न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची जुनी संगणकप्रणाली २००० सालाचा उंबरठा ओलांडू शकणार नव्हती. ग्रंथालय न्यासाने कटिपो या छोट्या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली. २०००च्या जानेवारीत ती सुरू झाली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना दिली गेली. म्हणजे इथेही प्रोग्रामरना पैसे मिळाले होते. ते एका ग्रंथालयाने दिले होते. पुढे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका ग्रंथालयाने सूचीच्या ‘मार्क’ या आंतरराष्ट्रीय नमुन्याची सोय स्वतःच्या खर्चाने करून घेतली आणि ती सगळ्यांना मिळाली. भारतातल्या अनेक ग्रंथालयांत आज जो कोहा चालतो, त्याला या दोन आहेरांचा आधार आहे.

मग लिबलाइम ही अमेरिकी कंपनी आली. तिने २००७ साली कटिपोचा कोहा-विभाग विकत घेतला. सेवा विकणे हा तिचा धंदा, आणि त्यात गैर काही नव्हते. परंतु २००९ साली तिने आपल्या ग्राहकांसाठी कोहाची वेगळी आवृत्ती जाहीर केली, जिचे काम बाकीच्यांच्या नजरेआड चालणार होते. प्रकल्पाचे जुने संकेतस्थळ कंपनीच्या ताब्यात होते. कार्यकर्त्यांनी नवे संकेतस्थळ उभारले. २०१० साली लिबलाइम ही पीटीएफएस या कंपनीकडे गेली आणि २०११ साली बातमी आली, की न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावाचाच व्यापारचिन्ह म्हणून हक्क त्या कंपनीला मिळू घातला आहे. ज्या ग्रंथालयाने ही भेट जगाला दिली, त्याच्याच देशात, त्याच देशातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला भेटवाचक शब्द परक्याच्या नावावर चढणार! न्यासाने लोकांकडे मदत मागितली, विरोध नोंदवला आणि अखेर ती नोंदणी नाकारली गेली.

या सबंध प्रकरणात परवाना कुठेही मोडला असे दिसत नाही. कोड शेवटपर्यंत मुक्तच होता. भांडण झाले ते नावावरून, संकेतस्थळावरून आणि कामाच्या उघडेपणावरून. परवाना कोडविषयी बोलतो. लोकांचा विश्वास मात्र त्याच्या भोवतालच्या गोष्टींवर बसलेला असतो. त्या गोष्टी कोणाच्या नावावर आहेत, हे सुरुवातीला कोणी विचारत नाही.

४

दुसरे उदाहरण मोठ्या कंपनीचे. रेड हॅट ही १९९३ साली सुरू झालेली कंपनी. लिनक्सचे वितरण, त्याची हमी आणि देखभाल ती वार्षिक वर्गणीने विकते. स्टॉलमन यांच्या जाहीरनाम्यातला देखभालीचा सल्ला तिने एका अर्थी अमलात आणला. तिच्याच कोडपासून स्वयंसेवकांनी २००४ साली ‘सेंटओएस’ हे विनामूल्य वितरण काढले. वर्गणी न परवडणाऱ्यांची त्यावर गुजराण चालली. २०१४ साली रेड हॅटने सेंटओएसला आपल्या छत्राखाली घेतले. २०१९च्या जुलैत रेड हॅटच ३४ अब्ज डॉलरला आयबीएमकडे गेली. त्याच वर्षी सेंटओएसची आठवी आवृत्ती आली. ती २०२९पर्यंत सांभाळली जाईल अशी सर्वांची समजूत होती आणि तसे प्रकल्पाच्या माहितीत लिहिलेलेही होते. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले, की ती २०२१च्या अखेरीस बंद होईल.

फर्मीलॅब या अमेरिकी प्रयोगशाळेने आपले ‘सायंटिफिक लिनक्स’ पुढे न नेता सेंटओएस ८कडे जाण्याचे २०१९ साली ठरवले होते. घर मोडून भाड्याच्या घरात जावे आणि वर्षभरात घरमालकाची नोटीस यावी, तशी ही अवस्था. पुढे फर्मीलॅब आणि युरोपातली सर्न या दोघांनी ‘अल्मालिनक्स’चा आधार घेतला. दरम्यान २०२३च्या जूनमध्ये रेड हॅटने आणखी एक पाऊल टाकले : मुख्य उत्पादनाचा नेमका सोर्स कोड यापुढे ग्राहकांनाच मिळेल, इतरांसाठी ‘सेंटओएस स्ट्रीम’ आहेच.

कंपनीची बाजू अशी, की नुसती नक्कल करून जे काही भर घालत नाहीत त्यांना आयते देण्यास आम्ही बांधील नाही. परवान्यानुसार कोड ज्याला सॉफ्टवेअर दिले त्याला द्यावा लागतो, साऱ्या जगाला नव्हे. हे खरेच आहे. पण २०२९ची तारीख ही परवान्यातली अट नव्हती म्हणून ती अटच नव्हती, हे मला मान्य नाही. लोकांनी त्या तारखेवर विसंबून आपापली यंत्रे उभी केली होती. शब्द देऊन नऊ वर्षांचे एक करणे याला कायद्यात नाव नसेल, व्यवहारात आहे. तारीख पाळून पुढच्या आवृत्तीपासून धोरण बदलता आले असते. माझा आक्षेप व्यापाराला नाही, या दिरंगाईशून्य फिरवाफिरवीला आहे.

५

आता वापरणाऱ्यांची बाजू तपासली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा एकांगी होईल. २०१४च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. तो होता ‘ओपनएसएसएल’मध्ये, ज्याच्यावर जगातल्या असंख्य संकेतस्थळांची गुप्तता अवलंबून होती. त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत सुमारे दोन हजार डॉलर. बँका आणि बलाढ्य कंपन्या ते वापरत होत्या. आहेराची वही कोरी होती.

मोंगोडीबी (२०१८), इलास्टिक (२०२१), हॅशिकॉर्प (२०२३), रेडिस (२०२४) या कंपन्यांनी एकामागून एक आपले परवाने आवळले, त्यामागेही मुख्यतः हीच तक्रार होती : आमचे सॉफ्टवेअर दुसरेच भाड्याने लावतात आणि आम्हाला काही देत नाहीत. तक्रारीत तथ्य आहे. पण याच कंपन्या मुक्तपणाच्या जोरावर वाढल्या होत्या. बाहेरच्यांनी पाठवलेल्या सुधारणाही त्यांनी स्वीकारल्या होत्या. त्यामुळे फाटे फुटले, ‘ओपनसर्च’, ‘ओपनटोफू’, ‘वाल्की’ निघाले. इलास्टिक २०२४ साली आणि रेडिस २०२५ साली पुन्हा एक मुक्त परवाना देऊ लागल्या. लोक निघून जाऊ शकतात, हे मुक्त परवान्याचे खरे बळ. मात्र निघून जाण्याची ही ताकद ॲमेझॉनसारख्या कंपनीपाशी असते, गावच्या वाचनालयापाशी नसते.

६

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. लिनक्सवर देवनागरी वाचण्यासाठी आपण वर्षानुवर्षे ‘लोहित’ हा टंक वापरला. लोहित म्हणजे तांबडा. नावातच देणाऱ्याची खूण आहे. पुण्यातल्या एका टंकनिर्मात्या कंपनीकडून त्याचे हक्क घेऊन रेड हॅटने तो मुक्त केला. ज्या कंपनीला मी वर बोल लावला, तिचा हा आहेर माझ्या वहीत आहे आणि तो खोडता येणार नाही. उलट बंदिस्त टंकांत जुळवलेली कितीतरी मराठी पुस्तके आणि जुने अंक आज त्या त्या सॉफ्टवेअरवाचून उघडत नाहीत, हेही आपण जाणतो. म्हणून मुक्ततेचा आग्रह सोडण्याचे कारण नाही. ती बिनखर्चाची आहे, हा समज सोडायचा आहे.

हा समज पसरवण्यात माझाही वाटा आहे. तीन वर्षांनी वाचनालयाचा संगणक बसला, गावातल्या एका मुलाने चार दिवस खपून सूची परत मिळवली आणि त्याला मानधन द्या म्हणून मी समितीपुढे गेलो. कार्यवाह म्हणाले, ‘‘तुम्हीच फुकट म्हणाला होतात.’’ त्यांचे बरोबर होते. मग मी त्यांना कपाटाकडे नेले. देणगीदाखल आलेली पुस्तके तिथे होती. ती फुकटच आली होती, तरी त्यांच्या बांधणीवर आणि वाळवीच्या औषधावर दरसाल खर्च पडतो आणि त्याबद्दल कोणी कधी हरकत घेतलेली नाही. पुढच्या अंदाजपत्रकात ‘बांधणी’च्या खाली ‘सूची देखभाल’ अशी एक ओळ आली. रक्कम लहान आहे. कार्यवाहांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी इतकेच उत्तर आहे, आणि ते मी पहिल्या बैठकीतच द्यायला हवे होते.